पूर्ण वेगाचा स्लॉट

रूपानं सर्व्हरचं झाकण काढलं आणि तिला हसूच आलं. नवं नेटवर्क कार्ड सगळ्यात मंद स्लॉटमध्ये बसवलेलं होतं. कार्ड कितीही भारी असलं तरी ते स्लॉटच्याच वेगानं चालणार. वैजनाथ सरांसारख्या मुरलेल्या माणसानं ही चूक करावी?

वैजनाथ सरांना कालच नारळ मिळाला होता. नवं कार्ड आणूनही बिलिंगचे काउंटर रखडतात, हॉस्पिटलच्या दारापर्यंत रांग लागते, अशी तक्रार होती. त्यांच्या हाताखाली शिकलेली रूपा आता त्यांच्या जागी आली होती.

मशीन जुनं. पूर्ण वेगाचा स्लॉट एकच, आणि त्यात डिस्कना जोडणारं स्टोरेज कार्ड होतं. पेशंटचे सगळे स्कॅन त्या डिस्कवर. रूपानं दोन्ही कार्डांची अदलाबदल केली. दुपारपर्यंत रांग ओसरली. व्यवस्थापक पुंडलिकराव स्वतः खाली आले.

"असं काम पाहिजे," म्हणाले.

संध्याकाळी ऑपरेशन थिएटरमधून डॉ. कालिंदींचा फोन आला. "रूपा, पेशंट टेबलावर आहे आणि तिचा मागचा स्कॅन उघडत नाहीये. नुसतं चाक फिरतंय."

रूपा धावत वर गेली. पडद्यावर मेंदूचं चित्र पट्टी-पट्टीनं उतरत होतं. डॉ. कालिंदी हातमोजे घालून, हात वर धरून उभ्या होत्या. टेबलावर मुकुंदवाडीची एक तरुण बाई होती. अखेर स्कॅन उघडला. बाई वाचली, पण त्या वेळी कुणालाच तशी खात्री नव्हती.

थिएटर मोकळं झाल्यावर रूपा खाली आली. कुणाला न विचारता तिनं बिलिंग थांबवलं, सर्व्हर बंद केला, स्टोरेज कार्ड पुन्हा पूर्ण वेगाच्या स्लॉटमध्ये बसवलं. सर्व्हर सुरू झाला. स्कॅन झटकन उघडू लागले. बाहेर काउंटरवर लोकांची कुरकुर सुरू झाली. तेव्हा तिनं वैजनाथ सरांना फोन लावला.

"सर, तुम्ही मुद्दाम स्कॅनला तो स्लॉट दिला होता."

"व्हय."

"मग पुंडलिकरावांना सांगायचं ना! तुम्हाला काढलं नसतं."

फोनमध्ये मध्येच टूं-टूं वाजलं. पुंडलिकरावांचा कॉल येत होता.

"सांगितलं होतं की," वैजनाथ सर म्हणाले. "म्हणूनच तर काढलं."