पेटीवरचा दोर

भांडारातल्या टेबलाखाली वीतभर सुती दोराचा कापलेला तुकडा पडला होता. दानेश्वरीनं तो उचलला. सकाळी पेटी आपण दोरानं बांधून पाठवली, हे तिला आत्ता, भर दुपारी आठवलं. गाडी सोलापुरातून जाऊन चार तास झाले होते.

पत्र्याच्या पेटीची कडी ऐन वेळी तुटली होती. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. तिचे वडील बसलिंगप्पा चादरीच्या कारखान्यात गठ्ठे बांधायचे. बांधायचं म्हटलं की दानेश्वरीचे हात तिला विचारत बसत नाहीत. कपाटामागचा दोर तिनं ओढला, दोन आडवे, दोन उभे वेढे दिले, वडिलांची गाठ मारली आणि पेटी गाडीत चढवली.

पुराच्या छावण्यांत जाऊन लोकांचं दुःख ऐकणाऱ्या समुपदेशकांच्या पथकांना सामान पुरवायचं, हे तिचं काम. चित्रांचे कागद, रंगखडू, बाहुल्या, चादरी, टॉर्च, नोंदीचे फॉर्म. पण काय पाठवायचं यापेक्षा काय पाठवायचं नाही, याबद्दल ती जास्त कडक. ब्लेड नाही. गोळ्यांची अख्खी पाकिटं नाहीत. दोरी तर मुळीच नाही. मुलींच्या उड्यांच्या दोऱ्या तिनं काढून घेतल्या होत्या, भोवऱ्यांच्याही. पथकाच्या ओळखपत्रांना नाडीऐवजी पिना लावल्या. टोकयंत्रात पातं असतं म्हणून शेकड्यानं पेन्सिलींना ती भांडारात बसून स्वतः टोकं काढायची. पथकातली पोरं हसायची. एकदा पथकाचे डॉक्टरही हसले. "दानेश्वरीबाई, उद्या लेस आहे म्हणून आमचे बूट काढून घ्याल."

"चपला घाला की," ती म्हणाली होती.

हसणाऱ्यांना मागच्या वर्षीचं ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एका छावणीत तिनं सतरंज्यांचा गठ्ठा पाठवला होता, असाच दोरानं बांधून. सतरंज्या परत आल्या. दोर एका माणसानं ठेवून घेतला होता, आणि तो माणूस राहिला नाही. चौकशीत तिला कुणी बोल लावला नाही. पण जावकवहीत त्या गठ्ठ्यापुढे सही तिचीच होती, आणि त्या सहीचं भय तिच्या मनातून गेलं नाही.

चार वेळा फोन लागलाच नाही. पाचव्यांदा रेश्मानं उचलला. करमाळ्याची ही पोरगी पथकात सगळ्यात नवी. माढ्याजवळच्या एका शाळेत, सीना नदीच्या पुरानं उठवलेल्या लोकांबरोबर ती आठवडाभर मुक्कामाला होती.

"रेश्मा, पेटीवरचा दोर कुठाय?"

"तो होय? सोजरबाईंना दिला, ताई. शेळी बांधायचीय म्हणाल्या."

दानेश्वरी ताडकन उभी राहिली. छावणीतून येणारे फॉर्म लावून ठेवायचे, वाचायचे नाहीत, असा नियम होता. सोजरबाईचा फॉर्म तिनं वाचला होता. नातू युवराज, वय सहा, पाण्यात हातातून सुटला. घर गेलं, जनावरं गेली. बरोबर नात पिंकी. पाच दिवस झोप नाही. शेवटच्या रकान्यात रेश्माच्याच अक्षरात होतं, 'मला का ठेवलं, असं सारखं विचारतात.'

"अगं, तिची शेळी कुठंय? सगळी जनावरं वाहून गेली म्हणून तूच लिहिलंयस की!"

फोनवर चिखलातून धावणारी पावलं ऐकू आली. एक दार ढकललं गेलं. "आजी! ओ आजी!" दुसरं दार. कुणीतरी बाई लांबून म्हणाली, "म्हातारी व्हय? मगाशी मागच्या वर्गात गेली. दार वढून घेतलंय बघा."

पुन्हा पावलं. दानेश्वरी कपाटाला टेकली. हातातला तुकडा तिनं बोटाभोवती इतका आवळला होता की बोट काळंनिळं पडलं. "सिद्धरामा, एवढी एक वेळ," तिनं सोलापूरच्या देवाला विनवलं. तिकडं दार करकरलं. मग सगळे आवाज थांबले.

"रेश्मा?"

तिनं फोन कानाशी आणखी दाबला.

"रेश्मा, बोल की गं!"

आलं ते एका लहान मुलीचं कुजबुजणं. "ताई, मोठ्यानं बोलू नगा. आजी आत्ताच झोपलीया."

मग रेश्मा बोलायला लागली, हळू, अडखळत. "ताई... पिंकी आहे. दोराचं एक टोक आजींच्या मनगटाला बांधलंय. दुसरं पिंकीच्या कमरेला. आजी घोरतायत, ताई."

मागून पिंकी सांगतच होती. "मला म्हणली, हात सुटतो, दोर सुटत न्हाय. शेळीचं खोटं सांगितलं. खरं सांगितलं तर येडी म्हणतील म्हणली. झोपेत ती दोर वढती. मग मी बी हिकडनं वढते. मग गप झोपती."

दानेश्वरी फरशीवर बसली. रडू आलं, ते तिनं आवरलं नाही. समोरच्या भिंतीवर तिनंच चिकटवलेली यादी होती, आणि सगळ्यात वर लाल अक्षरात 'दोरी नाही' असं लिहिलं होतं.

"ताई," रेश्मानं विचारलं, "नियम आहे ना आपला. हळूच सोडवून घेऊ का?"

"नको," दानेश्वरी म्हणाली. "तू तिथंच बसून रहा. आणि गाठ तेवढी बघ, पक्की हाय का."