लग्नात दिलेली गाडी

सकाळी साडेआठच्या सुमारास खंबाटकी घाटात ऋषिराजची गाडी चढावर अचानक बंद पडली आणि मागून आलेला ट्रक तिच्यावर आदळला. शेजारी बसलेली त्याची बायको संयोगिता साताऱ्याच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे.

गाडी लग्नात तिच्या वडिलांनी, आकारामांनी दिलेली. कागदावर अजून त्यांचंच नाव. म्हणून गेल्या महिन्यात कंपनीचा फोन त्यांनाच आला होता. फ्युएल पंपात दोष आहे, चालती गाडी बंद पडू शकते, पंप फुकट बदलून देऊ.

"आवं, जावयांना कळवा की," त्यांची बायको मनुबाई म्हणाली होती.

"आपुन दिलेल्या गाडीत खोट हाय, ह्ये कुठल्या तोंडानं सांगू? दिवाळीला येतील तवा गपचूप बदलून आणतो."

दवाखान्याच्या जिन्यात व्याह्यांनी आकारामांचे हात धरले. "पाव्हणं, गाडी लय चांगली हाय तुमची. आमच्याच पोराला घाटात चालवता आली न्हाई. माफ करा."

खाली हवालदार ऋषिराजचा जबाब लिहून घेत होता. "माझंच काहीतरी चुकलं असणार," तो सांगत होता.

आकाराम अजून जिन्यातच उभे आहेत.