गोदामातले उंदीर

महागावच्या गोदामात उंदरांनी सोयाबीनची पोती फोडायला सुरुवात केली, तेव्हा कृषी महाविद्यालयातून एक मॅडम पपईच्या बियांच्या अर्काच्या गोळ्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे विष नाही. उंदीर मरणार नाहीत, फक्त पिल्लं होणार नाहीत. गोळ्या नर-मादी दोघंही खातात, पण असर नरावर होतो."

गोदामाच्या मालकीणबाई वच्छलाबाईंना हे फारच पटलं. संध्याकाळी ओसरीवर बसून त्या शेजारणीला समजावून सांगत होत्या.

"मादी चांगली धडधाकट रायते वं. पण नरातच दम नसन, त ते बिचारी काय करीन?"

"अन् आपन मादीलेच दोष देतो," शेजारीण हसली.

"तेच त! अडाणी लोकं."

आत त्यांची सून सुरभी पोळ्या लाटत होती. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. यवतमाळला तिच्या तीनदा तपासण्या झाल्या, तिन्ही वेळा सगळं ठीक निघालं. मग डॉक्टरांनी नवऱ्याला, अक्षयला बोलावलं, तर वच्छलाबाई म्हणाल्या, "माया पोराले कायले?" आणि पुसदच्या वैद्याकडून सुनेसाठी मूल होण्याचा काढा आणला. तेव्हापासून ती तो रोज दोन वेळा घेते. आता कडूही लागत नाही.

शेजारीण उठली. वच्छलाबाईंनी ओसरीवरूनच आत हाक मारली.



"सुरभी, तुया काढा थंडा होऊन राह्यला, पेऊन घे बरं."