आईचा तळहात

कुंदाने तिसऱ्यांदा तळहात यंत्राच्या काचेवर ठेवला आणि तिसऱ्यांदा आकडा तोच आला. अकरा.

"निदान तीस तरी लागतो," डॉक्टर नाईकवडी म्हणाल्या. "रोजच्या भाज्या-फळांतलं जे कातडीत साठतं, ते हे यंत्र मोजतं. तेच नसेल तर तुमच्या त्वचेचा तुकडा मुलीच्या जखमेवर धरणार नाही. वाळून गळून पडेल."

खोलीच्या काचेपलीकडे नऊ वर्षांची मैथिली भाजलेल्या पाठीने पालथी निजली होती. तिला फक्त आईचीच त्वचा जुळत होती. बापाचा, दिगंबरचा आकडा अठ्ठेचाळीस होता. त्याचा काही उपयोग नव्हता.

"यंत्र बिघडलंय," दिगंबर म्हणाला. "आमच्याकडे रोज दोन भाज्या होतात. मी स्वतः आणून देतो."

"होतात की," कुंदा खाली बघत म्हणाली. "मी शेवटी बसते. तोवर कढईत तेलच उरलेलं असतं. त्यात भाकरी फिरवते. फळं मैथिलीच्या डब्यात जातात."



"आकडा वाढायला किती दिवस लागतील?" दिगंबरने विचारलं.

"दीड महिना. आपल्या हातात दहा दिवस आहेत."

तो धावतच खाली गेला आणि हातगाडीवरून कापलेली पपई घेऊन आला. कुंदाला बाकावर बसवून त्याने कागदाची बशी तिच्यापुढे धरली.

"खा. सगळी संपव."

कुंदाने एक फोड उचलली आणि सवयीने त्याच्यापुढे केली.

"आधी तुम्ही घ्या."