दोन निळी बटणं

तिने आपल्या स्टार्टअपची पहिली कडी चाचणीसाठी कोठीच्या दाराला बसवली. पोरांना उघडता येऊ नये म्हणून दोन बटणं एकदम दाबायची. पाळणाघराच्या बाई आज बघायला येणार होत्या. त्यांना पटली की पहिली ऑर्डर पक्की. ती आतून बिजागरी तपासत असताना लेकीने दार ढकललं. खट्! आतल्या बाजूला बटणं लावायचं तिला सुचलंच नव्हतं. फोन बाहेर, घरात तिसरं कुणी नाही. “आई, ये ना!” लेकीने भोकाड पसरलं. “रडू नको गं राणी, निळी बटणं दिसतात ना? दोन्ही दाब बघू.” खुडबुड झाली, दार उघडलं. मेहनत पाण्यात गेली, पण जीव भांड्यात पडला. “भॉक!” खिदळत लेकीने दार पुन्हा लोटलं. तेवढ्यात बेल वाजली. “घाबरू नको हं आई, मला येतं उघडायला.”