हिनाची सोबत

झोहराने फोन टेबलावर आपटला तसा चहाचा पेला डचमळला.

“बघ, खदिजा. तुझ्या डोळ्यांनी बघ.”

खदिजाने चष्मा लावला. फोटो पाठमोरा होता. समोर समुद्र, झोहराच्या नातीची, हिनाची, ओढणी उडालेली आणि तिच्या खांद्यावर एक काळाभोर हात. शेजारच्या माणसाची मान उघडी, केस बारीक कापलेले, मिरीच्या दाण्यांसारखे कुरळे.

“हबशी आहे!” झोहरा म्हणाली. “इथल्या मीना सलमान बंदरावरचा कुणी खलाशी-बिलाशी असेल. माझ्या नावेदची पोर, बँकेत साहेबीण, आणि हे दिवे! उद्या पोरं कसली होतील, सांग?”

खदिजाने फोन हळूच परत सरकवला. हा प्रश्न तिने पूर्वीही ऐकला होता. सेहेचाळीस वर्षं झाली, मुरूडला.

झोहरा तेव्हा आपल्या भावासाठी, इक्बालसाठी, मुलगी बघायला आली होती. रीतीप्रमाणे खदिजाची वेणी सोडली गेली. झोहराने केसांत फणी घातली, ती अर्ध्यावर अडकली. तिने ती काढली नाही. तशीच ठेवून बायकांकडे वळली. “हिची आजी शिद्दीण होती म्हणे. बघा, फणीसुद्धा तेच सांगतेय. उद्या पोरं कसली होतील?” बायका खिदळल्या. इक्बाल पडवीत होता, त्याने मान वर केली नाही. अम्माने पहाटे उठून केलेली सांदणं ताटात तशीच राहिली. अब्बांनी ती एकेक करून विहिरीकडच्या मांजरांना घातली आणि त्या वर्षी घरात कुणी सांदणांचं नाव काढलं नाही.

पुढे खदिजाचं लग्न झालं, ती नवऱ्यामागून बहरीनला आली, गुदैबियातल्या याच घरात चाळीस वर्षं राहिली. तिच्या मुलीने मुहर्रकच्या एका काळ्या बहरिनी मास्तराशी निकाह लावला तेव्हा खदिजाने हौसेने मेंदी काढली. झोहरा लेकाकडे आली ती अलीकडे. मुरूडचं तिला काहीच आठवत नव्हतं. मारणारा विसरतोच.

“मग काय करणार, आपा?”

“रत्नागिरीला नेते. भाच्याचा मुलगा आहे. ईद झाली की निकाह.”

“आणि काझीसमोर पोर ‘कबूल नाही’ म्हणाली तर?”

झोहराचा चेहरा उतरला. “म्हणेल गं मेली. आहेच तशी.”

“तिला लंडनला शिकायला जागा मिळालीय ना?”

“नावेद नको म्हणतो. एकटी पोर परक्या मुलखात?”

“एकटी कशाला? माझी लुलवा तिकडेच निघालीय. इस्पितळात नोकरी लागलीय तिला. दोघी मिळून राहतील. दोन वर्षं समुद्रापलीकडे काढली की इथलं कोण आठवतंय? खलास.”

झोहराने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, “बोलाव तुझ्या नातीला.”

लुलवा आली. काळा अबाया, कपाळापर्यंत ओढलेला काळा रुमाल. वाकून तिने झोहराचा हात डोळ्यांना लावला.

“नमाज पढतेस?”

“जी, दादी.”

“मुलांशी बोलणं, फिरणं?”

“मुलांशी कामापुरतं, दादी.”

खदिजा चहात साखर ढवळत राहिली.

“हिनाला नजरेआड होऊ द्यायची नाही,” झोहराने बजावलं. “कुणाचा फोन येतो, कुठे जाते, सगळं तू बघायचं. निजायचंसुद्धा एकाच खोलीत. कबूल?”

“कबूल, दादी.”

लुलवा आत गेल्यावर झोहराने सुस्कारा सोडला. “रंग बापावर गेलाय गं. पण पोर गुणाची.”

“रंगामुळेच तर कुणी विचारत नाही तिला,” खदिजा म्हणाली.

नावेद तयार व्हायला आठवडा लागला. त्या आठवड्यात हिना एकदा खदिजाकडे आली आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. “त्यांना कळलं तर, नानी?” खदिजाने तिच्या केसांतून हात फिरवला. “कळायचं तेव्हा कळेल. तू विमानात बस. तुझी दादीच तुला पाठवेल.”

विमानतळावर नावेद सामान उतरवून गाडी लावायला गेला. झोहराने हिनाला जवळ घेतलं, दुवा पुटपुटली आणि मागे सरली.

“असं नाही, आपा,” खदिजा म्हणाली. “आमच्याकडे पोर दूर पाठवताना तोंडी निरोप चालत नाही. थोरल्या माणसाने हात हातात द्यावा लागतो.”

“बरं बाई, तुझी रीत.” झोहराने हिनाचा हात धरला आणि लुलवाच्या हातात दिला. “माझी लेक तुझ्या हवाली केली. आता तिचं बरंवाईट तुझ्याकडे. अल्लाह गवाह आहे.”

“मीही आहे,” खदिजा म्हणाली.

मोठं ओझं उतरल्यासारखी झोहरा डोळे पुसत गाडीकडे निघाली. दारं तिच्यामागे मिटेपर्यंत खदिजा बघत राहिली. मग वळून तिने लुलवाच्या मागे सरकलेल्या रुमालातून डोकावणारे बारीक कापलेले कुरळे केस आत सारले आणि हिनाचं तोंड ओंजळीत धरलं.

“संसार नीट करा गं दोघी,” ती म्हणाली. “आणि नातसूनबाई, पोचल्यावर पहिला फोन सासरी करायचा.”