न उघडणारी फाइल

कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटवर रखवाली करणाऱ्या सुपडू आबांनी तिथल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं आणि ललितच्या एडिटिंगच्या दुकानात आणलं. "मोटरसायकलवर आमनी पोर ज्योती कोना मांगे बसेल शे, तेवढं देखी दे."

ललितने स्क्रीन स्वतःकडे वळवली. फाइल इम्पोर्ट करून पाहिली, कन्व्हर्ट केली, पुन्हा टाकली. पंखा फुल होता तरी तो घाम पुसत होता. "आबा, हा फॉरमॅट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येतच नाही," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

आबा उठले. दाराशी लावलेल्या ललितच्या मोटरसायकलच्या सीटवर हात ठेवून थांबले.



"काल धुळ्याले लगेच उघडनी ती फाइल, पोऱ्या. तू उघडस का, तेच देखानं व्हतं."